उशीर हाय, रद्द न्हाय

माझ्या पायांवर आयुष्यात एकाच माणसाने विश्वास टाकला. बाकीच्यांनी त्यांना नावंच ठेवली. शाळेच्या शर्यतीत मी शिट्टी व्हायच्या आधी पडलो. सप्तपदीत माझं पाऊल बायकोच्या शालूवर पडलं, तो फाटका काठ ती अजून पाहुण्यांना दाखवते. पण सोलापूरच्या आमच्या घरमालकांनी याच पायांच्या भरवशावर आपलं घर आणि आपलं म्हातारपण पणाला लावलं. आणि ते जिंकले. कसे जिंकले ते मात्र नीट सांगावं लागेल, नाहीतर सगळं श्रेय माझ्या पायांना जाईल आणि त्यांना तशी सवय नाही.

घरमालक एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना कंट्रोलर म्हणायची. काकूसुद्धा नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून स्वयंपाकघरातून हाक मारायच्या, "अवो कंट्रोलर, चहा निवतोय." बसस्थानकाच्या जाळीच्या खिडकीमागे, माईकसमोर त्यांची सगळी नोकरी गेली. त्यामुळे त्यांच्याजवळ दोन भाषा होत्या. एक माईकची, इस्त्री केलेल्या गणवेशासारखी. दुसरी घरची, मंगळवेढ्याची, बिनबाह्यांच्या बनियनमधली. निवृत्तीच्या वेळी सहकारी त्यांना भिंतीवरचं घड्याळ देणार होते. यांनी घड्याळ नको म्हणून सांगितलं आणि एक माईक आणि कर्णा मागून घेतला. तो कर्णा गच्चीवर बसला.

आता गच्चीवरून घोषणा कसली करायची? तर पाण्याची. विजापूर रोडच्या पलीकडच्या आमच्या वसाहतीत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येई, आणि ते नेमकं केव्हा येईल हे कुणालाच ठाऊक नसे. कंट्रोलरांनी हे खातं परस्पर आपल्याकडे घेतलं होतं. टाकीवरच्या माणसाला फोन करून ते बातमी काढत आणि पहाटेच कर्णा खरखरे.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. टाकीवरून सुटलेले पाणी थोड्याच वेळात आपल्या गल्लीत येत आहे. प्रवाशांनी आपापल्या हंड्या-बादल्यांसह सज्ज राहावे."

पाणी यायला वेळ झाला की गल्लीतल्या बायका खालून ओरडत, "काय ओ कंट्रोलर, येतंय का गेलं?" मग मात्र माईकची भाषा गळून पडे.

"उशीर हाय, रद्द न्हाय."

हे वाक्य ते कशालाही लावत. डाळ शिजत नसली तरी, समोरच्यांच्या मुलीचं लग्न जमत नसलं तरी, माझी बढती तिसऱ्यांदा हुकली तरी. आणि गंमत म्हणजे ते इतक्या ठामपणे म्हणत, की बढतीची ऑर्डर कुठल्यातरी स्टँडवर चहा पिण्यापुरती थांबली आहे असं मलाही वाटू लागे.

मी तिथे गेलो तो विमा कंपनीत कारकून म्हणून, थेट कोकणातून. आमच्याकडे पावसाळ्यात विहिरीत वाकून तांब्या बुडवता येतो. वरच्या खोलीत सामान टाकलं आणि प्रवासाचा शीण घालवायला मनसोक्त आंघोळ केली. गाणी म्हणत केली. मोरीतला ड्रम रिकामा झाला तेव्हा थांबलो. तो ड्रम घरातल्या तिघांना पुढच्या पाण्यापर्यंत पुरवायचा होता, हे मला गच्चीवरून कळलं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. वरच्या मजल्यावर नव्याने चढलेल्या एका प्रवाशाने संपूर्ण गाडी स्वतःसाठी आरक्षित केल्यामुळे घरातील इतर प्रवाशांची गैरसोय होत आहे. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

अख्खी गल्ली मला बघायला बाहेर आली. मी टॉवेलवर होतो. त्याच वेळी शेजारच्या घराची एक खिडकी धाडकन बंद झाली.

ती खिडकी सिस्टरांची. शेजारच्या बंगलीत एक निवृत्त हेड नर्स एकट्या राहत. बैठकीत बुद्धाची मूर्ती, अंगणात कोरफडीच्या कुंड्या, आणि बोलणं इंजेक्शनसारखं, पटकन आणि नेमकं. "आयुष्यभर नाइट करून लोकांना झोपवलं, आता माझी झोपायची पाळी आहे," असं त्या म्हणत. नेमका कर्ण्याचा रोख त्यांच्या खिडकीकडे. कंट्रोलरांचं म्हणणं, वारा तिकडून इकडे येतो, म्हणून तोंड तिकडं. या वाऱ्यापायी दोघांचं बोलणं बंद झालेलं. ते घोषणा करत, त्या खिडकी आपटत. एवढाच संवाद, पण नेमाने चाले. सिस्टरांच्या अंगणात, भिंतीला लागून, एक जुना बोरही होता. कधीच आटलेला, मोटार जळून काढून टाकलेली. त्याच्या तोंडावर लोखंडी झाकण आणि झाकणावर सगळ्यात मोठी कोरफड.

आता माझ्या पायांकडे येतो.

आई मला भेटायला सोलापूरला आली. निघताना तिने काकूंचा हात धरून सांगितलं, "पायाळू आहे हो आमचा. विजा चमकायला लागल्या की घरात घ्या त्याला." पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. अशा माणसावर वीज पडते असं आमच्याकडे समजतात, म्हणून लहानपणी मला ढगांचा आवाज आला की कोठीत कोंडायचे. कंट्रोलर दारात चपला घालत होते. ते एका पायात चप्पल तशीच ठेवून आत आले.

"पायाळू? मग याला जमिनीच्या पोटातलं कळतंय की."

"आमच्याकडे तसं काही नाही म्हणत," आई म्हणाली.

"आमच्यात म्हणत्यात," कंट्रोलर म्हणाले आणि माझ्या पायांकडे बघू लागले. त्या नजरेने आजवर माझ्या पायांकडे कुणी पाहिलं नव्हतं. सासऱ्यांनीसुद्धा पुढे पाहिलं ते बुटाचं माप घेण्यापुरतंच.

त्यांना जमिनीच्या पोटातलं कळणाऱ्याची गरज होतीच. त्यांचा मुलगा पुण्याला, मोठ्या हुद्द्यावर. येईल तेव्हा त्याला आई कमरेवर कळशी घेऊन जिना चढताना दिसे. काकूंचा उजवा खांदा वर जाईनासा झाला होता. वेणी घालताना त्या भिंतीला टेकून उभ्या राहत. शेवटी मुलाने जेवताना विषय काढला. वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड म्हणून मीही पंगतीला होतो.

"अप्पा, एक शेवटचा बोर घेऊन बघू. पाणी लागलं तर खुशाल राहा इथं. नाही लागलं तर घर विकायचं आणि दोघांनी पुण्याला यायचं. पुन्हा वाद नाही."

"मंजूर," कंट्रोलर म्हणाले. रिझर्वेशनच्या खिडकीवर शिक्का मारावा तसं.

काकू मला नंतर ताक देताना हळूच म्हणाल्या, "तिकडं नळाला रोज पाणी असतंय म्हणं. मग हे काय सांगणार ओ कुणाला?" त्यांचा खांदा दुखत होता आणि काळजी नवऱ्याच्या गळ्याची होती.

मुलाने पुण्याहून तळहातावर नारळ धरून पाणी शोधणारे दोन पाणाडे पाठवले. एकाचा नारळ न्हाणीजवळ उभा राहिला, दुसऱ्याचा फाटकाजवळ. "एक गाडी आन् दोन फलाट. असं चालत न्हाय," म्हणून कंट्रोलरांनी दोघांनाही चहा देऊन वाटेला लावलं. त्यांचा भरवसा पायाळूवर.

पायाळूने अनवाणी, भर दुपारी, जागेवरून चालायचं. तळपायाला जिथे काही जाणवेल तिथे खाली पाणी. रविवार ठरला. उपाशी माणसाला उन्हात कसं चालवायचं म्हणून काकूंनी शेंगापोळ्या केल्या. मी पाटावर मांडी घालून बसलो आणि बसलोच. शेंगापोळी हा एक भाग. दुसरा भाग, कंट्रोलर समोर बसून बंद पडलेल्या गाड्यांच्या हकिकती सांगत होते आणि त्यांच्या हकिकतीतून उठायची सोय नसे. उठलो तेव्हा माझा डावा पाय माझा राहिलेला नव्हता. कुणीतरी भाड्याने दिल्यासारखा तो मागून येत होता.

अंगणात फरशी तापलेली. गल्लीतली माणसं कठड्यावरून बघतायत. मी फाटकापाशी गेलो, न्हाणीपाशी गेलो. कंट्रोलर मागे, हातात चुन्याचं डबडं. सीताफळाच्या झाडापाशी, सिस्टरांच्या भिंतीजवळ, तो पाय अचानक जागा झाला. अशा काही मुंग्या आल्या की मी "आई गं" म्हणून एका पायावर नाचलो आणि बसकण मारली.

"उठू नका," कंट्रोलर म्हणाले आणि माझ्याभोवती चुन्याचं रिंगण ओढलं.

"अहो, पायाला मुंग्या आल्यात नुसत्या."

"येणारच की. खाली लई धार हाय."

"मांडी घालून बसलो होतो म्हणून..."

"आमीबी बसलो हुतो. आमाला आल्या का?"

तोवर काकू कुंकवाची कोयरी घेऊन आल्या आणि मी रिंगणात बसलेला असतानाच त्यांनी माझ्या दोन्ही पायांना कुंकू लावलं. पलीकडे सिस्टरांची खिडकी उघडी होती. त्या बघत होत्या. मग ती बंद झाली, पण या वेळी आपटली नाही. माझी कीव आली असावी.

बोरची गाडी आली. ती गल्लीत वळवायला कंट्रोलरांनी स्वतः शिट्टी घेतली. "येऊ द्या, येऊ द्या, डावं तोडा, बास." निवृत्तीनंतर एवढी मोठी गाडी त्यांच्या हुकमावर मागे आली नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज होतं की बोर कोरडा गेला तरी दिवस वसूल, असं मला वाटलं. गाडीवरचा मिस्त्री तमिळ, त्याला सगळे अण्णा म्हणत. गाडीला हार, नारळ फुटला, आणि कानठळ्या बसवत काम सुरू झालं.

आधी तांबूस मुरूम आला. मग काळा पाषाण लागला आणि राखाडी भुकटी उडू लागली. मी शुभप्रसंग म्हणून पांढरा सदरा घालून अगदी पुढे उभा होतो, कारण जागा माझ्या पायांची. थोड्याच वेळात मी राख फासलेल्या गोसाव्यासारखा दिसू लागलो. एका आजीबाईंनी जाताजाता मला नमस्कार केला.

दुपार टळली. एकामागून एक रॉड खाली जात होता आणि वर येत होती फक्त भुकटी. ओल नाही, वास नाही. बोरसाठी पुण्याहून आलेला मुलगा आपल्या गाडीच्या किल्ल्या बोटात फिरवत ओट्यावर बसला होता. काकू दारात, डाव्या हाताने उजवा खांदा धरून.

"साब, पत्थर," अण्णा म्हणाला. "सब पत्थर. पानी नई."

"अजून एक रॉड," कंट्रोलर म्हणाले.

मला राहवेना. मी त्यांना बाजूला, सीताफळाखाली ओढलं. "काका, मी खरंच सांगतोय. तेव्हा माझा पाय झोपला होता. मला काही कळत नाही जमिनीतलं. माझ्या पायापायी तुमचं घर जाईल."

त्यांनी माझ्या चेहऱ्यावरची भुकटी उपरण्याने पुसली. "मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "पाय झोपल्यावर माणूस कसा चालतो ते मी रातराणीतनं उतरणारी रोज बघायचो की."

"मग?"

"मग काय? गाडी कुटंवर आलीय हे कंट्रोलरला तरी कुटं म्हाईत असतंय? पर माईकवर 'म्हाईत न्हाय' म्हणायचं नसतंय. सगळं स्टँड आपल्या तोंडाकडं बघत असतंय." त्यांनी काकूंकडे पाहिलं. "कुटंतरी ठाम बोट ठेवायला पायजे हुतं. तुमचा पाय ठेवला."

मी बोलणार तोच मुलगा उठून आला. "अप्पा, पुरे आता. ठरलंय ना आपलं?"

"अजून एक रॉड."

"अप्पा."

"येकच."

अण्णाने खांदे उडवले आणि रॉड चढवला. मशिनची घरघर बदलली, काहीतरी पोकळ लागल्यासारखी. आमच्या भोकातून येणारी भुकटी एकदम थांबली. सगळे वाकून बघू लागलो. आणि पाठीमागे, भिंतीपलीकडे, तोफ उडाल्यासारखा आवाज झाला.

सिस्टरांच्या बोरचं लोखंडी झाकण उडालं. त्याच्याबरोबर ती कोरफड, कुंडीसकट, भिंतीच्या वर दिसली, क्षणभर तिथेच थांबली आणि खाली गेली. मागोमाग गढूळ पाण्याचा जाड फवारा सीताफळाच्या शेंड्यापर्यंत चढला आणि आमच्यावर कोसळला. माझ्या अंगावरच्या भुकटीचा चिखल झाला.

सिस्टर अंगणात आल्या. पांढरी साडी चिखलाने भरलेली, हातात कुंडीचा तुकडा.

"कुणी केलं हे?"

सगळ्या गल्लीने माझ्या पायांकडे बघितलं.

कंट्रोलर तिथे नव्हते. ते गच्चीवर पोचले होते. कर्णा खरखरला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आपली गाडी काही तांत्रिक कारणामुळे शेजारच्या फलाटावर लागत आहे."

अण्णाने मशिन बंद केलं आणि मोडक्या हिंदीत, हातवारे करत समजावलं. खाली खडकात एक चीर होती. भुकटी वर उडवायला आमचं मशिन दाबाने खाली सोडत होतं तो वारा तिच्यात घुसला आणि सिस्टरांच्या गाळाने बुजलेल्या बोरमधून बाहेर पडला. चीर मोकळी झाली. पण तिचा उतार तिकडचा. पाणी तिकडे जाणार, आमच्याकडे नाही. मुलाने खात्री म्हणून आमच्या भोकात खडा टाकला. खूप वेळाने खट्ट आवाज आला, कोरडा. मग भिंतीवरून वाकून त्यांच्या बोरमध्ये टाकला. डुबुक.

"अप्पा, आपला कोरडा गेला," तो म्हणाला. खुशीत नव्हता म्हणाला, एवढं सांगायला हवं.

"पाणी लागलं का न्हाय?" गच्चीवरून उतरत कंट्रोलरांनी विचारलं.

"लागलं, पण..."

"पाणी लागलं तर ऱ्हायचं, एवढंच ठरलं हुतं. कुणाच्या बोरला, हे ठरलं नव्हतं."

"अहो, ते सिस्टरांचं पाणी आहे. त्या तुम्हाला देणार आहेत का? तुम्ही बोलता तरी का त्यांच्याशी?"

कंट्रोलरांनी जन्मभर सांगितलं होतं. मागितलं कधीच नव्हतं. मागायचं कसं, याची त्यांच्या दोन्ही भाषांमध्ये सोय नव्हती. तरी त्यांनी पायांवरचा चिखल पुसला, टोपी सारखी केली आणि शेजारच्या फाटकाशी गेले. मला बरोबर घेतलं, बहुधा चिखलातला माणूस बघून दया येईल म्हणून.

सिस्टर पायरीवर बसून कोरफडीची मुळं गोळा करत होत्या.

"शेजारच्या रहिवाशांना नम्र विनंती करण्यात येते की..." कंट्रोलरांनी सुरुवात केली आणि तिथेच अडकले. त्यांनी टोपी काढली. "सिस्टर, पाणी पायजे. बायकोचा खांदा गेलाय. न्हाय म्हणला तर घर इकून पुण्याला जावं लागतंय."

सिस्टरांनी वर पाहिलं. "खांदा कधीपासून?"

"झालं की वर्ष."

"वर्षभर? भिंतीपलीकडं नर्स राहते, आणि तुम्ही तिला रोज पाण्याची वेळ सांगता. खांदा सांगायला कर्णा पुरला नाही?"

कंट्रोलर टोपी फिरवत राहिले.

सिस्टर हातातल्या मुळांवरची माती काढत होत्या. त्या बोलल्या तेव्हा आवाज नेहमीसारखाच होता, ना वर ना खाली. "माझी आई गावात विहिरीवर लांब उभी राहायची. कुणीतरी येईल, वरून ओंजळीत ओतेल, म्हणून. मलाही नेलं होतं तिनं. ते उभं राहणं मला ठाऊक आहे. माझ्या दारात तसं कुणी उभं राहायचं नाही. टोपी घाला."

कंट्रोलरांनी टोपी घातली.

"मोटार बसवून घेते. भिंतीवरून पाइप टाका. पण एक अट. तो कर्णा आजच्या आज उतरायचा."

मी कंट्रोलरांकडे बघितलं नाही. काही गोष्टी बघू नयेत. ते म्हणाले, "मंजूर." पण या वेळी तो शिक्का नव्हता.

मुलगा एकटाच पुण्याला गेला. जाताना त्याने माझे पाय धरायचा आविर्भाव केला, आणि माझा तोल गेला. काकू रोज संध्याकाळी शेजारी खांद्याचे व्यायाम करायला जाऊ लागल्या. भिंतीवरचा पाइप सकाळी वळवळला की आमच्या टाकीत पाणी पडे. भरपूर पडे. मी पुन्हा गाणी म्हणत आंघोळ करू लागलो.

कर्णा जिन्याखाली, पोत्यात गुंडाळलेला. कंट्रोलर पाइपाजवळ खुर्ची टाकून बसत आणि गप्प राहत. पाणी ठरल्या वेळी येई, ठरल्या वेळी बंद होई. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या बायकांच्या नळाला पाणी यायचं तेव्हा त्या सवयीने गच्चीकडे बघत आणि मग स्वतःच नळ सोडून बघत. काकू मला म्हणाल्या, "पुण्याला न जाताच पुणं आलं की ओ आमच्या घरात."

एका सकाळी पाइप हललाच नाही. काकू बादली घेऊन उभ्या. मी अंगाला साबण लावून मोरीत. आधी पाण्याची खात्री करून मग साबण लावायची सवय असती तर माझं आयुष्य वेगळं गेलं असतं. कंट्रोलर खुर्चीवरून उठले, भिंतीपर्यंत गेले, परत आले. तोंड उघडलं, मिटलं. शब्द दिला होता. त्यांनी एकदा जिन्याखालच्या पोत्याकडे पाहिलं आणि पुन्हा खुर्चीवर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली घालून.

काकूंची रिकामी बादली बघून समोरची बाई ओरडली, "काय ओ, येतंय का गेलं?"

कंट्रोलरांनी हात मांड्यांखाली आणखी आत सारले.

तेव्हा सिस्टरांची खिडकी उघडली. त्या झोपेतून उठून आल्या होत्या, केस मोकळे. त्यांनी कठड्यावर हात ठेवले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा, वॉर्डातला आवाज काढला.

"लाइट गेलीय. उशीर हाय, रद्द न्हाय."

मी मोरीच्या झरोक्यातून साबणाच्या डोळ्यांनी बघत होतो. कंट्रोलर सावकाश उठले. बनियन खाली ओढलं, खांदे मागे घेतले, आणि किती दिवसांनी त्यांचा जुना आवाज आला, तक्रारीचा, ठणठणीत, सेवेत असल्यासारखा.

"सिस्टर, सुरुवात चुकली तुमची. आधी 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' म्हणायचं असतंय."